दोन पाण्यांनी

माझ्याकडे आज कपाटभर रेकॉर्ड्स आहेत. बहुतेक जुन्या बाजारातून घेतलेल्या, काही कुणाच्या माळ्यावरची अडगळ निघाली तेव्हा हाती आलेल्या. त्या सगळ्या वाजतात आणि नीट वाजतात. हे ज्यांच्यामुळे झालं त्यांच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं. स्वतःचं नाव छापून आलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून कॉलेजात आम्ही त्यांना जी हाक मारायचो तीच इथे वापरते. बाई.

बाई सांगलीच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होत्या. शिकवण्याचं काम प्राध्यापकांचं. पण काचेचं भांडं खरंच स्वच्छ झालं की नाही हे ओळखायला आम्हाला बाईंनी शिकवलं. धुतलेला फ्लास्क त्या उजेडात धरायच्या. पाण्याचा पातळ थर काचेवर अखंड पसरला तर ठीक, थेंब थेंब होऊन राहिला तर आत अजून तेलकटपणा आहे, परत धुवायचा. त्या वयात मला याचं महत्त्व कळत नव्हतं. डोळ्यांना चकचकीत दिसलं की माझ्या लेखी काम संपलेलं असे.

वडील गेल्यावर त्यांचा रेकॉर्ड प्लेअर आणि रेकॉर्ड्सची पेटी माझ्याकडे आली. पेटीत ‘कॉल ऑफ द व्हॅली’ होती, १९६७ची. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार. ती लावली की संतूर कुठलं आणि टिकटिक कुठली हे कळायचं नाही, कारण दोन्ही आवाज तुटक आणि क्षणभराचे. बासरीमागे तर सतत खरखर. जुनी रेकॉर्ड अशीच वाजणार, हे मी धरून चालले होते. त्या खरखरीत मला वडिलांचा काळ ऐकू येतो, असंही सांगायचे. मिरजेच्या बाजारात बाई भेटल्या तेव्हा त्यांनाही हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, “काळ कसला गं, धूळ आहे ती. उद्या घेऊन ये.”

बाईंचं घर मिरजेतलंच. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं वास्तव्य या गावात होतं, त्यामुळे इथल्या जुन्या घरांतून त्यांच्या तबकड्या अगदी जपून ठेवलेल्या असतात. बाईंच्या वडिलांनीही अशी एक पेटी जमवली होती. ती सांभाळता सांभाळता बाई रेकॉर्ड धुवायला शिकल्या आणि प्रयोगशाळेतलं सगळं ज्ञान त्यांनी त्यात ओतलं.

त्या दिवशी मोरीजवळच्या ओट्यावर त्यांनी जे मांडलं त्यात दुकानातून मुद्दाम आणावं असं फारसं काही नव्हतं. बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचा कॅन, औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, बिनवासाचा भांड्यांचा लिक्विड साबण, चष्म्याच्या दुकानात मिळतं तसलं मऊ फडकं, आणि प्लास्टिकच्या डब्यांची दोन झाकणं. रबराची चकती लावून ती झाकणं रेकॉर्डच्या मधल्या कागदी लेबलावर दोन्ही बाजूंनी बसवली की लेबल भिजत नाही. कॅन उघडल्यावर त्यांनी आधी काचेच्या पट्टीवर पाण्याचा एक थेंब टाकला आणि तो वाळेपर्यंत आम्ही चहा प्यायलो. वाळल्यावर काचेवर डाग राहिला नाही, तेव्हाच ते पाणी वापरायला घेतलं. बोअरच्या पाण्याचा थेंबही त्यांनी शेजारी टाकला होता. त्याचं पांढरं कडं उमटलं. “हाच क्षार खाचेत वाळून बसला की पुन्हा खरखर. मग धुतलंस कशाला?”

एलपीची खाच केसापेक्षाही अरुंद असते. आतल्या भिंतीत डाव्या स्पीकरचा आवाज, बाहेरच्या भिंतीत उजव्याचा, आणि बारा इंची एलपीच्या एका बाजूची खाच सरळ केली तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल. एवढ्या लांबीच्या चिरेत धूळ, बोटांचा तेलकटपणा आणि पावसाळ्यात धरलेली बुरशी जाऊन बसते. प्लास्टिकवर नुसतं पाणी थेंब करून राहतं, खाचेत उतरत नाही, म्हणून साबणाचा एखादाच थेंब आणि थोडं अल्कोहोल. हे सांगताना बाईंनी फ्लास्कची आठवण काढली नाही. मला मात्र कॉलेजात जे निसटलं होतं ते तेव्हा हाताला लागलं. फडकं खाचेच्या दिशेनेच गोल फिरवायचं, आडवं कधीच नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने एकदा, आणि ते पाणी टाकून ताज्या पाण्याने पुन्हा एकदा. तांदूळ असोत की तबकडी, बाईंच्या घरी दोन पाण्यांशिवाय काही धुतलं जात नाही. वाळवायला ताटाळ्यात उभी. ऊन दाखवायचं नाही, कारण एलपी उन्हात वाकते. पंखाही नको, तो धूळ आणून बसवतो. आणि वाळल्यावर नवं आतलं पाकीट. जुन्या पाकिटात परत घातली तर जुनी धूळ परत.

संध्याकाळी रेकॉर्ड लावली तेव्हा बासरीमागे शांतता होती. त्या रेकॉर्डमधली पहाडातली सकाळ पहिल्यांदा ऐकली असं वाटलं. एका जागी मात्र टक् टक् राहिलीच. बाईंनी घड्याळ बघायला सांगितलं. दर पावणेदोन सेकंदांहून किंचित जास्त वेळाने ती येत होती. मिनिटाला तेहतीस फेरे, तर एका फेऱ्याला एवढाच वेळ लागतो. “नेमाने येतोय तो ओरखडा आहे. तो धुऊन जायचा नाही. बेशिस्त आवाज असतो तो धुळीचा, तो जातो.” धूळ असताना रेकॉर्ड वाजवत राहिलं तर सुई तीच धूळ भिंतीत घासते आणि मग तेही नुकसान कायमचं होतं, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं. कितीतरी वर्षं मी तेच करत आले होते आणि त्याला आठवण म्हणत होते.

पुढे पुण्यात मुद्रितशोधनाची कामं करू लागले. हातात पैसे बेताचेच. पाणी ओढून घेणारी परदेशी यंत्रं बघायचे आणि ती नसतील तर हे आपल्याला परवडणारं नाही असं मनात यायचं. बाईंना फोन केला. त्यांनी यंत्राला नावं ठेवली नाहीत, यंत्र हात वाचवतं एवढं मान्य केलं. मग माझ्याकडे काय आहे ते विचारलं आणि त्यातच काम बसवून दिलं. त्या कठीण दिवसांत दुपारी ओट्यापाशी एक रेकॉर्ड धुवायची आणि रात्री ऐकायची, एवढ्याने मी सावरले. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलेलं नाही.

त्यानंतर बाईंना वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे झाले. एकदा मिरजेला गेले तेव्हा त्या म्हणाल्या, “गाणं ऐकू येतं गं, खरखर येत नाही. मला आता सगळ्याच तबकड्या स्वच्छ वाटतात. म्हणून तू ऐकून सांग. मला बरं वाटावं म्हणून काही बोलायचं नाही.” धुवायच्या त्या, ऐकायची मी. दोन पाणी होऊनही खरखर उरली तर ते त्यांच्या तोंडावर सांगणं मला जड जायचं. त्या मात्र मान हलवून पुन्हा झाकणं बसवायच्या. लेखकाच्या प्रुफावर खूण करताना हात थबकतो, तेव्हा मला बाईंचं ते वाक्य आठवतं आणि खूण होते. माझ्या कामाला जी काही विश्वासार्हता आली, ती तिथून आली.

गेल्या वर्षी त्यांनी वडिलांची पेटी माझ्या हवाली केली. झाकणाच्या आतल्या बाजूला बाईंच्या अक्षरात चिठ्ठी आहे: ‘लाख आहे. स्पिरिट नाही.’ मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या लाखेच्या असतात. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणजे एलपीला जे चालतं त्याने खाँसाहेबांचा आवाजच पुसला जाईल. लाखेत दगडाची पूड मिसळलेली असते, कडेला चीर असेल तर तिथून पाणी मुरतं, म्हणून ओलं फडकं फिरवून लगेच कोरडं करायचं. एक तबकडी झाली की मी मिरजेला फोन करते. बाई कौतुक करत नाहीत, दुसऱ्या पाण्याच्या फडक्यावर काही निघालं का एवढंच विचारतात. परवा झिंझोटीतली ठुमरी झाली. त्या फडक्यावर अजून काळं येत होतं, ते सांगितलं. “मग तिसरं पाणी कर,” म्हणाल्या, आणि पेटीतला खालचा थर पावसाळ्याच्या आत व्हायला हवा, हेही बजावलं.