कुंडीतला फुलोरा

डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यालगतच्या एका सदनिकेत स्नेक प्लांटची कुंडी आठ वर्षांपासून आहे. ती आणणाऱ्या गृहस्थांनी कल्याणच्या बाजारपेठेत चाळीस वर्षे कापडाचे दुकान चालविले. दिवाळीचे चोपडापूजन आटोपून त्यांनी गादी मुलाकडे सोपविली आणि त्याच हिवाळ्यात हे रोप घरी आले. या झाडाला क्वचित फुलेही येतात, असे रोपवाटिकेतील माळ्याने सांगितले होते. ते वाक्य त्यांच्या मनात घर करून राहिले.

मग सेवा सुरू झाली. रोज सकाळी पाणी, महिन्याला खत, दरवर्षी आधीपेक्षा मोठी कुंडी. एका पावसाळ्यात बुंध्याशी दोन पाने कुजली, तेव्हा त्यांनी काळजी आणखी वाढविली. याच निष्ठेने ते दिवसातून तीनदा दुकानात फोन करीत. गल्ला किती झाला, अमक्याची उधारी का थांबली, जुना माल खालच्या फळीवर का गेला? मुलगा उत्तरे देई. मात्र वर्षागणिक ती उत्तरे आखूड होत गेली.

हे झाड मूळचे पश्चिम आफ्रिकेचे. कोरडे दिवस काढण्यासाठी ते जाड पानांत पाणी साठविते आणि पानांची सूक्ष्म छिद्रे मुख्यतः रात्री उघडते. त्याच्या जातभाईंच्या चिवट तंतूंपासून पूर्वी धनुष्याच्या दोऱ्या वळीत. अशा झाडाला रोजचे पाणी जाचक ठरते. त्याला भरपूर उजेड हवा, दोन पाण्यांच्या मध्ये माती पूर्ण वाळायला हवी आणि मुळांनी कुंडी दाटून भरायला हवी. रोप जुने व्हावे लागते. इतके होऊनही घरात फूल येईलच अशी खात्री नसते. मोठ्या कुंडीत हलविलेले रोप मात्र बहुधा आधी मुळे पसरविण्यातच गुंतते.

गेल्या वर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना काही महिने ठाण्याला मुलीकडे राहावे लागले. प्रकृतीपायी दुकानात फोन करणेही सुटले. टेंभी नाक्यावरील मुनिसुव्रतस्वामींचे दर्शन आणि सामायिक यांत दिवस जाई. इकडे सूनबाईंनी कुंडी सोयीसाठी गॅलरीच्या दाराशी, उजेडात सरकविली. पाणी पंधरवड्यातून एकदा, तेही आठवले तर.

वैशाखात ते घरी परतले, तेव्हा पानांच्या मधून हातभर उंचीचा दांडा वर आला होता आणि त्यावर बारीक कळ्या लगडल्या होत्या.

“काय केलेस गं?” त्यांनी विचारले.

“पप्पा, खरे सांगू? काहीच केले नाही.”

सायंकाळी प्रतिक्रमण आटोपून ते गॅलरीशी बसले. अंधार पडला तशा कळ्या उमलू लागल्या. फुले हिरवट पांढरी, पाकळ्या दोऱ्यासारख्या, देठाशी मधाचे चिकट थेंब आणि घरभर मंद सुगंध. ही फुले रात्री येणाऱ्या पतंगांसाठी असतात. एखादा जीव दिव्यावर झडप घालून मरू नये म्हणून त्यांनी गॅलरीतला दिवा मालविला. जी जयणा त्या पतंगासाठी सहज सुचली, ती कुंडीतल्या एकेंद्रिय जीवासाठी सात वर्षे सुचली नव्हती. आणि पोटच्या मुलासाठी?

तेवढ्यात मुलाचाच फोन आला. शाळेच्या गणवेशांचे मोठे काम मिळत होते. किती दिवसांची उधारी द्यावी, हे त्याला विचारायचे होते. असा सल्ला त्याने कित्येक वर्षांत मागितला नव्हता. त्यांनी विचारले तेवढेच सांगितले. गल्ल्याची चौकशी ओठांवर आली होती. ती त्यांनी तिथेच थांबविली.

ज्या फुटव्याला एकदा फुले येतात, त्याला पुन्हा नवे पान फुटत नाही. वाढ शेजारच्या नव्या कोंबांतून होते. तरीही जुनी पाने वर्षानुवर्षे हिरवी राहतात आणि त्याच मुळांवर उभी राहून नव्यांना पोसतात. फुले गळून गेल्यावर त्या गृहस्थांनी कुंडी बदलली नाही. शेजारी दोन कोंब वर येत आहेत. पाणी सूनबाईच घालतात, आठवेल तेव्हा.