ओरिजिनल

पैठणमध्ये सर्वांत जास्त ऐकू येणारे इंग्रजी विशेषण कोणते, असे कोणी विचारले तर मी ‘ओरिजिनल’ असेच सांगेन. दुकानात ओरिजिनल पैठणी, प्रवेशाच्या खिडकीवर ओरिजिनल मार्कशीट! माझ्या आईला इंग्रजी येत नाही. पण माझी कागदपत्रे ट्रंकेत ठेवताना तीसुद्धा ‘ओरिजिनल’ निराळी आणि झेरॉक्स निराळी ठेवते.

हा शब्द मूळचा लॅटिन कुळातला. ‘ओरिरी’ म्हणजे उगवणे. त्यावरून ‘ओरिगो’ म्हणजे उगम. पूर्व दिशा दाखवणारा ‘ओरिएंट’ हा त्याचाच भाऊबंद. इंग्रजीत तो प्रथम ‘मूळचा, आरंभीचा’ या अर्थाने रुळला. ‘कोणाची नक्कल नसलेला, नवा’ हा अर्थ त्याला पुढे लाभला. म्हणजे जुन्यालाही ओरिजिनल आणि नव्यालाही ओरिजिनल! आपला ‘अस्सल’ शब्द तरी कुठला? अरबी ‘अस्ल’ म्हणजे मूळ, त्यावरून तो आला. ‘अस्सल मराठी’ म्हणताना आपण परक्या घरून आलेल्या शब्दाचाच आधार घेतो.

वर्गात सांगतात, “उत्तर ओरिजिनल हवे.” आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलेले नाही. पुस्तकांचे कपाट नाही. जे शिकले ते ग्रंथालयातून आणि मैत्रिणींच्या वह्यांतून. मग माझ्यापाशी ओरिजिनल ते काय असणार?

याचे उत्तर मला गावातच मिळते. पैठणीवरचा मोर, कमळ, आसावलीची वेल यांतले काहीही आजच्या विणकराने शोधलेले नाही. तरीही हातमागावरची त्याची पैठणी अस्सलच. तिची पारख सोपी आहे: पदर उलटून पाहावा. रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणलेले असल्याने नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. यंत्रावरच्या नकलेच्या पाठीमागे बहुधा सुटे धागे दिसतात.

आणि आमचे नाथमहाराज? शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून, नकला होता होता शिरलेले चुकीचे पाठ काढून शुद्ध प्रत सिद्ध केली. तोवर त्यांचे स्वतःचे भागवत लिहून झाले होते. एवढ्या मोठ्या कवीला दुसऱ्याच्या ग्रंथाच्या मुळाशी जाण्यात कमीपणा वाटला नाही.

मित्रमैत्रिणींनो, गाइडमधले उत्तर पाठ केले आणि परीक्षकांनी “असे का?” एवढेच विचारले, की मागचे सुटे धागे दिसू लागतात. पण मूळ पुस्तक उघडून, आपल्या अनुभवातले उदाहरण घेऊन जो समजून घेतो, त्याचे उत्तर उलटसुलट तपासले तरी टिकते. विचार दुसऱ्याचा असेल, वीण त्याची स्वतःची असते. म्हणून आमच्यासारख्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांनी या शब्दाला भिण्याचे कारण नाही. घरात आधी कोणी शिकले नसेल, तर घरातल्या शिक्षणाचा उगम आपल्यापासूनच!