एका दुपारची कसोटी

आमच्या पांढरपेशा घरांतून ‘रेस’ हा शब्द फार दिवस मद्याच्या पंक्तीला बसविलेला होता. महालक्ष्मीचें मैदान म्हणजे अब्रूदार माणसानें ज्याच्याकडे पाठ करून चालावें असें ठिकाण, ही शिकवण मलाहि मिळाली. आणि घोड्यावर एक पैदेखील लावण्याची इच्छा मला आजवर झालेली नाहीं. तरी पण इंग्लंडांत एप्सम येथें होणाऱ्या डर्बीच्या शर्यतीचा इतिहास मी हौसेनें वाचीत आलों आहें. तिच्या एका नियमानें मला नेहमींच विचारांत पाडलें आहे. या शर्यतींत फक्त तीन वर्षांच्या जनावरालाच धावतां येतें. दोन वर्षांचें चालत नाहीं, चार वर्षांचेंहि चालत नाहीं. ब्रिटनमध्यें शर्यतीच्या सर्व घोड्यांचें वय आतां १ जानेवारीपासून मोजतात. अर्थात् ही दुपार प्रत्येक घोड्याच्या आयुष्यांत एकदांच येते.

या शर्यतीचा जन्म मोठ्या गमतीचा आहे. बारावे अर्ल ऑफ डर्बी यांनीं १७७९ सालीं केवळ तीन वर्षांच्या माद्यांसाठीं ‘ओक्स’ नांवाची शर्यत सुरू केली. पुढील वर्षीं नर व मादी अशा दोहोंसाठीं नवी शर्यत ठरली. तिला अर्लचें नांव द्यावें कीं त्यांचे स्नेही सर चार्ल्स बनबरी यांचें, याचा निकाल नाणें उडवून लावला अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो. नांव अर्लचें लागलें, आणि ४ मे १७८० रोजीं पहिली शर्यत जिंकली ती बनबरींच्या ‘डायोमेड’नें! आपल्याच नांवाची शर्यत जिंकावयास अर्लना १७८७ सालापर्यंत वाट पाहावी लागली.

त्यापूर्वींच्या काळीं वयानें मोठ्या घोड्यांना चार चार मैलांच्या फेऱ्या एकाच दिवसांत पुनःपुन्हा धावाव्या लागत. तेथें दम पाहिला जाई, आणि एका फेरींत मागें पडलेल्याला दुसरींत भरून काढतां येई. डर्बीनें ही सवलत काढून घेतली. आरंभीं अंतर एक मैलाचें होतें, १७८४ पासून तें दीड मैलाचें झालें. प्रथम चढण, मग टॅटनहॅम कॉर्नरच्या वळणापर्यंत उतार, पुढें सरळ पल्ला. आणि आज साऱ्याचा निकाल सुमारें अडीच मिनिटांत लागतो. एकोणिसाव्या शतकांत कित्येक वर्षें या अडीच मिनिटांसाठीं पार्लमेंटची कॉमन्स सभा आपलें कामकाज तहकूब करीत असे.

जेथें संधी एकच, तेथें लबाडी आलीच. १८४४ सालीं ‘रनिंग रेन’ या नांवानें जिंकलेला घोडा वस्तुतः ‘मॅकबीअस’ नांवाचा चार वर्षांचा घोडा होता. प्रकरण न्यायालयांत गेलें. घोडा हजर करा, म्हणजे दांतांवरून वय ठरवितां येईल, असें न्यायमूर्तींनीं म्हटलें. तों घोडाच हजर करतां येईना. शेवटीं दुसऱ्या आलेल्या ‘ऑर्लंडो’ला विजयी ठरविण्यांत आलें.

परंतु त्या दुपारचा निकाल म्हणजे घोड्याचा निकाल काय? पहिल्या विजेत्याचेंच पाहा. डायोमेड पुढें हरूं लागला. शर्यती सोडून पैदाशीस ठेविल्यावर तेथेंहि त्याचें नांव उतरलें, आणि त्याचें शुल्क दोन गिनींवर आलें. १७९८ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, त्याला अवघ्या ५० गिनींना विकून अमेरिकेंतील व्हर्जिनियांत पाठविलें. घोड्याचें तें वय म्हणजे पेन्शनीचें. पण तेथें १८०५ सालीं त्याच्यापासून ‘सर आर्ची’ जन्मला, आणि त्याच्या वंशानें अमेरिकेंतील शर्यतीच्या घोड्यांचा पाया घातला. १८८१ सालीं ‘इरोक्वॉय’ हा डर्बी जिंकणारा पहिला अमेरिकन पैदाशीचा घोडा ठरला, त्याच्या अंगांत आईच्या बाजूनें डायोमेडचेंच रक्त होतें. टाकून दिलेला म्हातारा शंभर वर्षांनीं असा घरीं परतला.

दुसरें उदाहरण आपल्या अधिक जवळचें आहे. १९४५ सालीं डर्बी जिंकलेल्या ‘डान्टे’चा सख्खा धाकटा भाऊ त्याच वर्षीं लिलावांत निघाला. बडोद्याचे महाराज प्रतापसिंह गायकवाड यांनीं तो २८,००० गिनींना घेतला आणि त्याला आपल्या आजोबांचें नांव दिलें: ‘सयाजीराव’. १९४७ च्या डर्बींत फ्रान्सचा ‘पर्ल डायव्हर’ पहिला आला, आणि सयाजीराव तिसरा. एवढ्यावरच त्याचें मोल केलें असतें तर तो एक महागडा अपेक्षाभंग ठरता. पण त्याच वर्षीं त्यानें आयर्लंडची डर्बी जिंकली, आणि सप्टेंबरांत पावणेदोन मैलांहून अधिक लांबीची सेंट लेजर जिंकली. त्याला पल्ला थोडा अधिक हवा होता, आणि दिवस थोडे अधिक.

कसोटी निरुपयोगी आहे असें माझें म्हणणें नाहीं. पैदास करणाऱ्याला निवड करावी लागते, आणि डर्बीचा विजेता बहुधा चांगलाच घोडा असतो. मला बोंचतें तें निराळेंच. घोड्यावर पैज लावणें आम्हीं पाप मानलें. पण सतरा-अठरा वर्षांच्या मुलावर सगळ्या घराची पैज लावतांना आम्हांला कांहींच वाटत नाहीं. शेजारच्या एका हुषार मुलानें गेल्या वर्षीं प्रवेशपरीक्षेच्या निकालानंतर पंधरा दिवस कोणाला तोंड दाखविलें नाहीं. त्याला कोणी रागें भरलें नव्हतें. आई हलक्या आवाजांत बोले, वडील मुळींच बोलत नसत. आणि आल्यागेल्यापुढें त्याचा विषय निघूं नये याची सारें घर काळजी घेई.

सयाजीराव तिसरा आला, तेव्हां आपण हरलों हें त्याला ठाऊक नव्हतें. दाणावैरण खाऊन तो पुढच्या दिवसांसाठीं मोकळा झाला. मुलाला मात्र हार कळते, आणि ती गुणपत्रिकेपेक्षां आपल्या चेहऱ्यावरून अधिक कळते. त्याच्या वाट्याला सप्टेंबर यावा असें खरोखर वाटत असेल, तर जूनमध्यें निदान आपले चेहरे आपण सांभाळावयास हवेत.