न कुरकुरणाऱ्या बायका

अंग दुखलं की आपण बाम लावतो, ताप आला की डॉक्टरकडे जातो. मन थकलं की मात्र म्हणतो, "काही नाही, जरा झोप झाली नाही." आमच्या घरांत बाईच्या सब्रचं इतकं कौतुक असतं की "मी थकले" म्हणणं म्हणजे नाशुक्री वाटते. शरीराचाही आपल्यावर हक्क आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण मुलांना सांगतो, स्वतःला सांगत नाही.

गेल्या पावसाळ्यात मी अशीच थकले. सकाळचे डबे, शाळा, उर्दूच्या आणि मराठीच्या वह्या, ऑनलाइन भरायची माहिती, सासूबाईंची औषधं, रात्री कंपनीच्या शिफ्टवरून येणाऱ्यांची जेवणं. कामं नेहमीचीच होती. पण मुलांनी प्रश्न विचारला की चीड यायची, आणि आवडती कविता शिकवतानाही आत काही हलायचं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली अशा थकव्याची तीन लक्षणं सांगितली: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामावरून मन उडणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. संघटना याला आजार म्हणत नाही; कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणते. घरच्या कामाचा ताण तिच्या व्याख्येत नाही. आपल्या आयुष्यात मात्र दोन्ही एकाच दिवसात मावतात.

मी लहान गोष्टींपासून सुरुवात केली. शाळेतून आल्यावर पहिला चहा बसून प्यायचा, ओट्याशी उभं राहून नाही. वुजू घाईत उरकायचा नाही. असरनंतर पाऊस उघडला तर फोन घरी ठेवून भातखाचरांच्या बांधापर्यंत चालायचं. मगरिबनंतर शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडायचा नाही. महिन्याभरात चीड कमी झाली. पण एक गोष्ट लक्षात आली: मी बांधावर असताना कणीक मुलगा मळत होता. माझी विश्रांती कुणीतरी उचललेल्या कामावर उभी होती.

सावित्रीबाई फुले आजारी पडून माहेरी, साताऱ्याकडच्या नायगावला गेल्या होत्या. तिथून १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. आपल्यामागे फातिमावर भार पडला असेल याची काळजी त्यात आहे, आणि ती तक्रार करणार नाही हा विश्वासही. या फातिमा म्हणजे फातिमा शेख, असं मानलं जातं. आम्ही शिक्षिका त्यांचं नाव अभिमानाने घेतो. मला मात्र आता वेगळं दिसतं. सावित्रीबाईंना विसावा मिळाला, कारण फातिमा पुण्यात उभ्या होत्या. फातिमांना विसावा कधी मिळाला, हे त्या पत्रात नाही.

योगायोग असा, की १० ऑक्टोबर हाच आता जागतिक मानसिक आरोग्य दिन आहे. २०२२ साली त्याच दिवशी सरकारची टेली-मानस सेवा सुरू झाली. चहा आणि फेरफटका प्रत्येक थकव्याला पुरत नाही. झोप उडाली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर १४४१६ वर फोन करा. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.

आणि तुमच्या घरात एखादी न कुरकुरणारी बाई असेल, तर आज तिला विचारा, थकलीस का? ती "काही नाही" म्हणेल. तरीही आजची कणीक तुम्ही मळा.