पणजीच्या पाटल्या आणि टुणटुण यंत्र

पुणे-सोलापूर रस्त्याने भिगवण सोडून इंदापूरकडे निघाले की डाव्या हाताला उजनीचे पाणी सोबत करू लागते. या पाण्याखाली गावे आहेत. १९८० साली धरण पुरे झाले, त्याआधीच माणसे भांडीकुंडी आणि घराच्या तुळया बैलगाडीत घालून वर सरकली होती. गावांची नावे तीच राहिली, जागा बदलल्या. पळसदेवचे पळसनाथाचे जुने मंदिर मात्र पाण्यातच राहिले. एरवी त्याचे शिखर तेवढे दिसते. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण इतके आटले की मंदिर उघडे पडले आणि ते पाहायला लोक जत्रेसारखे लोटले.

आमचे जुने गावही याच पाण्यात आहे. त्याचे नाव मुद्दाम देत नाही. हे वाचून कोणी कुदळ घेऊन निघाला तर त्याचा दोष माझ्या माथी नको.

आता आम्हीच तिकडे का गेलो, ते सांगतो. माझा भाचा बारामतीच्या एमआयडीसीत कामाला आहे. पोरगा कष्टाळू, पण मोबाइलवर नाही नाही ते पाहतो. विलायतेत माणसे शेतातून यंत्र फिरवतात, यंत्र टुणटुण वाजते आणि जमिनीतून सोन्याची नाणी निघतात, हे त्याने पाहिले. त्यातले सगळेच काही खोटे नाही. १९९२ साली इंग्लंडमध्ये एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधायला त्याचा मित्र यंत्र घेऊन आला आणि रोमन काळातली सुमारे पंधरा हजार नाणी सापडली. भाच्याने ही गोष्ट मला तीनदा ऐकवली आणि दिवाळीच्या बोनसातले साडेचार हजार रुपये घालून मेटल डिटेक्टर मागवला. घरात मिक्सर बंद पडला होता, तो तसाच राहिला. माझी बहीण मला म्हणाली, "दादा, तू त्याच्याबरोबर जात जा. न्हाईतर पोरगं एखाद्या दिवशी पोलिसात बसलेलं दिसंल."

तिची भीती पोकळ नव्हती. आपल्याकडे जमिनीतल्या धनाचा कायदा इंग्रजांच्या वेळचा आहे, १८७८ सालचा. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर कलेक्टरला लेखी कळवावे लागते. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १९५८ च्या कायद्याने संरक्षित ठिकाणी परवानगीशिवाय खोदता येत नाही. मी भाच्याला बजावले, "किल्ला, गढी, देऊळ, लेणे दिसले की यंत्र पिशवीत. आणि रानात जायचे तर मालकाला विचारून."

पहिली फेरी सुप्याची. शहाजीराजांची पुणे-सुप्याची जहागीर आपण शाळेत पाठ केलेली. १६५६ साली शिवाजीराजांनी सुपे संभाजी मोहित्यांकडून काढून घेतले. इतक्या घोडदौडी झालेल्या गावाच्या रानात काही तरी पडलेले असणारच, असा भाच्याचा हिशेब. कारखान्यातल्या मित्राचे शेत होते, त्याच्या वडिलांनी हसत हसत परवानगी दिली. "सोनं निघालं तर निम्मं माझं, आन् दगड निघालं तर समदं तुमचं," म्हणाले.

सकाळी सातपासून अकरापर्यंत यंत्र वाजतच होते. दर वाजण्याला भाचा गुडघे टेकून बसे, खुरप्याने माती काढी. निघाले काय, तर दारूच्या बाटल्यांची बुचे, डोकेदुखीच्या गोळ्यांची रिकामी पाकिटे, बैलाच्या खुराची पत्री, नांगराच्या फाळाचा तुकडा, आणि फुलासारख्या कडांचे ॲल्युमिनियमचे दहा पैसे. ते नाणे पाहून मलाच आनंद झाला. लहानपणी त्यात लिमलेटच्या गोळ्या येत. कित्येकदा तर खड्ड्यात काहीच नसे.

याचे कारण भाच्याला ठाऊक नव्हते. मी वर्कशॉपात वायरमनच्या हाताखाली उमेदवारी केलेली, म्हणून समजावून सांगितले. यंत्राच्या खालच्या चकतीत तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज उलटसुलट फिरते आणि चकतीखाली चुंबकीय क्षेत्र तयार होते. धातू त्या क्षेत्रात आला की त्याच्यातही बारीकशी वीज उठते. ती यंत्राला ऐकू येते, ते वाजते. पण आपला सगळा मुलूख काळ्या फत्तराचा. त्या दगडात आणि त्याच्याच मातीत लोहाचे कण खच्चून भरलेले. विलायतच्या खडूसारख्या पांढऱ्या जमिनीत जे यंत्र शहाण्यासारखे वागते, ते आपल्या काळ्या रानात वेड्यासारखे बरळते. शिवाय अशा साध्या यंत्राला नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीपलीकडे सहसा कळत नाही. तीनशे वर्षांत रान किती वेळा नांगरले गेले असेल, त्याचा हिशेब करा.

दुसरी फेरी इंदापूरची, तिच्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. शिवाजीराजांचे आजोबा मालोजीराजे इथल्या लढाईत पडले, त्यांची गढी गावात आहे. ती आम्ही हात मागे बांधून पाहिली. गावाबाहेर एका ओळखीच्या माणसाच्या रानात ऊस नुकताच तुटला होता. तिथे कोयत्याचे पाते आणि बैलगाडीच्या चाकाच्या धावेचा तुकडा मिळाला. मालकाने धाव ठेवून घेतली आणि आम्हाला चहा पाजला.

येताना एसटीत भाचा गप्प होता. मी त्याला इनामगावची गोष्ट सांगितली. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे गाव आहे. ती घोड पुढे भीमेला मिळते आणि भीमेचे पाणी उजनीत येते. तिथे डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत खोदकाम केले. तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती, शंभरावर घरे. तांबे अगदी थोडे सापडले. तरी त्या लोकांनी काय काय शोधले! जळलेल्या धान्यावरून त्यांनी माणसे सातू खात हे ओळखले, पाण्याचा पाट ओळखला, धान्याचे कोठार ओळखले. मेलेली लेकरे दोन मडकी तोंडाला तोंड लावून घराच्याच जमिनीखाली पुरत, हेही कळले. यातली एकही गोष्ट तुझ्या यंत्राला ऐकू आली नसती, असे मी म्हणालो.

"आणि दायमाबाद?" भाच्याने लगेच विचारले. पोरगा वाचून होता. नगर जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल नावाचा माणूस झाडाची मुळे खणत होता. त्याला ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले, चारही मिळून साठ किलोहून जड. मी म्हणालो, "त्याच्याकडे यंत्र कुठे होते? तो जळण काढत होता." भाच्याने खिडकीबाहेर पाहिले.

तिसऱ्या फेरीत आमची आत्या बरोबर आली आणि सगळेच बदलले. आत्या ऐंशीची. पाणी आटून गाव उघडे पडले आहे हे ऐकल्यापासून तिने घरात धोशा लावला होता. भाच्याला ती म्हणाली, "सोनंनाणं कशाला हुडकतोस? हुडकायचं तर माझ्या आजीच्या पाटल्या हुडक."

आत्याची आजी म्हणजे माझी पणजी. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे, तुमच्याही घरात अशीच एखादी असेल. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले की, अस्पृश्य म्हणून ओळख पटवणारे दागिने टाकून द्या. गळ्यात एकावर एक गळसऱ्या, हातात कोपरापर्यंत कथलाच्या नाहीतर चांदीच्या पाटल्या, हे सारे सोडा आणि लुगडे नीट नेसा. आमच्या गावात ही बातमी महिन्या-दोन महिन्यांनी पोचली असेल. पणजीने त्याच दिवशी हातातल्या कथलाच्या पाटल्या उतरवल्या. मनगटापासून कोपरापर्यंत पांढरा पट्टा पडला होता, तो पुष्कळ दिवस जाईना, असे ती सांगे. पाटल्या तिने वाड्यामागे पुरल्या.

"कुठं पुरल्या, ते दाखवशील?" भाच्याचे डोळे चमकले.

"दाखवीन की."

मे महिन्याच्या ऐन उन्हात आम्ही भेगाळलेल्या गाळातून चालत गेलो. आत्याला दोघांनी धरले होते. जुनी वेस, वाड्यांची जोती, चावडीचा दगडी ओटा हे सारे ओळखू येत होते. पाटलांच्या आळीत यंत्राने कान किटवले. कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, हातभर लांबीचे खिळे. दारे-तुळया नेताना पडलेले ते सामान. शिवाय आता तिथे मासेमारी चालते, म्हणून जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या. भाच्याने ते सारे पुन्हा मातीत दाबले.

मग आम्ही आमच्या वाड्यात गेलो. तेव्हाचा महारवाडा, पुढे बौद्धवाडा. गावापासून जरा खाली, ओढ्याच्या कडेला. भाचा इकडून तिकडे, तिकडून इकडे, दोन तास यंत्र फिरवत राहिला. यंत्र मुके. त्याला वाटले सेल संपले. सेल बदलले, तरी मुके.

"बिघडलं काय रं?" आत्याने विचारले.

"बिघडलं नाही, आजी. इथं काही नाहीच."

"मग असंल कुठनं? आमच्यात पाण्याला माठ, शिजवायला गाडगं. जर्मनचं एक भगुनं हुतं, ते पाणी आलं तवा मी डोक्यावर घिऊन गेले. दाराला कडी न्हवती, दोरी हुती."

मला तिथे उभ्या उभ्या एक जुने वाचलेले आठवले. गुजरातेत झानू नावाच्या गावात १९३५ साली अस्पृश्यांच्या काही बायका धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या, म्हणून गावाने त्यांना मारले. बाबासाहेबांनी पुढच्याच वर्षी छापलेल्या 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात ही हकीकत दिली आहे. शाळकरी वयात वाचली तेव्हा मला ती भांड्यांची गोष्ट लहान वाटली होती, बाकीचे अत्याचार मोठे वाटले होते. त्या दिवशी पाटलांच्या आळीतला तो गोंगाट कानात होता आणि पुढ्यात ही शांतता. भाच्याला मी काही बोललो नाही. त्यानेच यंत्र खाली ठेवून विचारले, "मामा, एक खिळा पण नसावा?"

उन्हे उतरू लागली तेव्हा यंत्र एकदा गुणगुणले. स्पष्ट टुण नाही, घशात अडकल्यासारखे. भाच्याने हळूहळू माती काढली. वीतभर खाली लालसर, विटेसारखी भाजलेली माती लागली, मध्ये राखेचा करडा थर. धातू नाही. "खोटा आवाज," तो म्हणाला आणि उठला. तो आवाज काही अगदी खोटा नसतो. माती वर्षानुवर्षे भाजली की तिच्यातल्या लोहाचा गुण बदलतो, ती चुंबकाला जास्त जवळची होते. पण आत्याला हे सांगायची गरज पडली नाही. तिने चावडीच्या ओट्याकडे पाहिले, ओढ्याकडे पाहिले, बोटाने काही तरी मोजले आणि खाली बसली.

"ही आमची चूल. माझी आई हितं भाकरी करायची. मी हितं बसायची, ह्या अंगाला."

ती बराच वेळ तिथे बसली. भाच्याने तिच्या डोक्यावर टॉवेल धरला. उठताना तिने चिमूटभर लाल माती पदराच्या टोकाला बांधली. मग आम्ही खड्डा नीट बुजवला. तिने दाखवलेल्या पाटल्यांच्या जागी, ओढ्याच्या कडेच्या बाभळीच्या खुंटापाशी, भाच्याने अंधार पडेपर्यंत यंत्र फिरवले. तीनदा खणले. शिशाची एक गोळी मिळाली.

रस्त्याला लागल्यावर एसटीची वाट पाहत बसलो. आत्या शेंगदाणे खात होती. खाता खाता म्हणाली, "माझी आई मातुर येगळंच सांगायची."

"काय सांगायची?"

"की पाटल्या पुरल्याच न्हाईत. आजीनं त्या कल्हईवाल्याला इकल्या. कथील म्हंजी कल्हईच की. त्याचं पैसं आलं, त्यात माझ्या बापाला पाटी-पेन्सल घेतली. आन् त्या कथलाची कल्हई पाटलाच्या वाड्यातल्या भांड्यास्नी बसली, म्हणून आई लई हसायची."

भाचा यंत्राचा दांडा सोडवत होता, त्याचे हात थांबले. "आजी, हे सकाळी नाही का सांगायचं?"

"तू इचारलंस कुठं? आन् सांगितलं असतं तर तू मला घिऊन आला असतास व्हय?"

यंत्र आता माळ्यावर आहे. त्यातले सेल भाच्याच्या आईने भिंतीवरच्या घड्याळाला घातले.