ओहोटीतली समुद्रफुलं

समुद्रफुलाशी माझी पहिली ओळख बोटाने झाली. मालवणला आज रॉक गार्डन आहे, तिथल्या खडकांवर मावशी कालवं काढायची आणि मी डबक्यांपाशी उकिडवी बसायचे. तपकिरी फुलाला बोट लावलं की ते चिकटायचं. टोचायचं नाही, नुसतं धरायचं. मग आक्रसून त्याचा वाळूने माखलेला गोळा व्हायचा. “ता जित्ता आसा, सोड तेका,” मावशी ओरडायची.

ते धरणं हा शिकारीचा प्रयत्न होता, हे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकताना कळलं. स्पर्शकांवर असंख्य सूक्ष्म कुप्या असतात आणि प्रत्येकीत गुंडाळलेला पोकळ धागा. स्पर्श झाला, भक्ष्याच्या अंगातलं रसायन जाणवलं, की निमिषार्धात धागा उलटून बाहेर पडतो आणि विष टोचतो. आपल्या बोटाची कातडी जाड, म्हणून नुसतं चिकट लागतं. इवलीशी कोळंबी मात्र तिथेच लुळी पडते आणि स्पर्शक तिला मधल्या तोंडाकडे नेतात. न पचलेलं बाहेर टाकायची वाटही तेच तोंड.

मला मात्र शिकारीपेक्षा त्याच्या तग धरण्याची ओढ जास्त. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब हटतं आणि खडक तासन्‌तास उघडे पडतात. तिथलं समुद्रफूल स्पर्शक आत ओढून, तोंड मिटून, थोडं पाणी पोटात धरून बसतं. काही जाती अंगावरच्या चिकट पुटकुळ्यांना शिंपल्यांचे तुकडे आणि वाळू लावून घेतात. त्याने ऊन अडतं, ओल टिकते. डबक्यातल्यांचं बरं चाललंय म्हणावं, तर तिथलं पाणी उन्हात तापतं, आटून जास्त खारट होतं आणि पावसाळ्यात एका मोठ्या सरीने गोडं होतं. जागा अगदीच नकोशी झाली तर ते तळव्यावर सरकतं, पण इतकं हळू की समोर बसून कळत नाही.

मुंबईत नोकरीला आले, चौघींत एक खोली वाटून राहू लागले, तेव्हा समुद्रफुलांच्या भांडणांबद्दल वाचलं. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची एक जात स्वतःला मधोमध फाडून दोन होते, दोनाची चार, आणि खडक एकाच जिवाच्या प्रतींनी भरून जातो. या प्रती एकमेकींना खेटून राहतात. परक्या कुळातलं फूल मात्र टेकलं, की स्पर्शकांखालच्या पांढुरक्या पिशव्या फुगतात आणि शत्रूच्या अंगावर दाबल्या जातात. दंशाचं कातडं तिथेच चिकटून राहतं, खालचं मांस मरतं. अशा दोन कुळांमध्ये खडकाची एक रिकामी पट्टी राहते. लिस्बेथ फ्रान्सिस यांनी 1973 मध्ये हे तपशिलाने मांडलं.

आता साठी जवळ आल्यावर मला ‘ग्रॅनी’ सारखी आठवते. सर जॉन डॅलियल यांनी 1828 मध्ये स्कॉटलंडच्या नॉर्थ बेरिकला उचललेलं हे समुद्रफूल. डॅलियल 1851 मध्ये गेले; ग्रॅनी एकाकडून दुसऱ्याकडे जात, शेकडो पिल्लं देत, 1887 पर्यंत काचेच्या बरणीत जगली. पण प्रत्येकीच्या वाट्याला अशी माणसं येत नाहीत. फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ 1854 मध्ये आलं आणि इंग्लंडात घरोघरी समुद्र पाळायचं वेड पसरलं. संग्राहकांनी किनाऱ्यावरची सुंदर डबकी ओरबाडून नेली, अशी खंत गॉस यांचाच मुलगा एडमंड याने 1907 मध्ये लिहून ठेवली.

म्हणून मुंबईतल्या कार्टर रोडच्या खडकांवरून एक फूल घरी टाकीत नेऊ या, असं भाची म्हणाली तेव्हा मी ठाम नाही म्हटलं. भरती-ओहोटीचं कोष्टक तिच्या हातात दिलंय. अमावास्येला पहाटे पाणी खूप मागे जाईल, तेव्हा रबरी तळाचे बूट घालून ये, म्हणून सांगितलंय.