जठराला खिडकी पडली ते बेट

मॅकिनॉ सिटीहून सुटलेली बोट लांबलचक पूल डावीकडे टाकून ह्युरॉन सरोवरात शिरते आणि थोड्याच वेळात मॅकिनॉ बेट दिसू लागतं. टेकाडावर चुनखडीचा पांढरा किल्ला, पायथ्याशी लाकडी घरं. १८९८ पासून इथे मोटारींना बंदी आहे. धक्क्यावर उतरताच घोड्यांच्या लिदीचा आणि फजच्या दुकानांतल्या तापल्या साखरेचा वास एकदमच येतो. बहुतेक लोक फजपाशी थांबतात. मी थेट अमेरिकन फर कंपनीच्या दुकानाकडे वळले. पोटात अन्नाचं काय होतं, याचा बराचसा छडा इथे लागायला सुरुवात झाली.

६ जून १८२२ रोजी या दुकानात चुकून बंदूक उडाली. अलेक्सिस सेंट मार्टिन हा फ्रेंच-कॅनडियन तरुण फरच्या व्यापारात होड्या वल्हवायचा. अगदी जवळून सुटलेले छर्रे त्याला डाव्या छातीखाली लागले. किल्ल्यावरचे लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट आले, तेव्हा फुप्फुसाचा भाग बाहेर डोकावत होता आणि सकाळची न्याहारी जखमेतून वाहत होती. तो वाचेल असं डॉक्टरांनाही वाटलं नव्हतं. तो वाचला, पण जठराचं भोक बुजलं नाही. कालांतराने आतल्या अस्तराची घडी त्यावर झडपेसारखी आली. ती बोटाने सारली की जठराच्या आतलं दिसे.

त्या दुकानात आता बोमाँट यांचं संग्रहालय आहे. मला तिथे आठवत होता तो ऑगस्ट १८२५ मधला प्रयोग. बोमाँट यांनी रेशमी दोऱ्याला गोमांस, खारवलेलं डुकराचं मांस, शिळा पाव आणि कच्चा कोबी बांधून तो भोकातून आत सोडला. तासाभराने ओढून पाहिला, तर कोबी आणि पाव निम्मे विरघळलेले, मांस जसंच्या तसं. दुसऱ्या तासाअखेर कोबी-पावाबरोबर डुकराचं मांसही दोऱ्यावरून नाहीसं झालं होतं.

जठर अन्न दळतं की ते आत कुजतं, यावर तेव्हा वाद होते. बोमाँट यांनी जठररस बाटलीत काढला, त्यात मांस घालून शरीराइतक्या उबेत ठेवलं. तिथेही ते विरघळलं, फक्त वेळ जास्त लागला. म्हणजे किमया रसाची होती. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. त्यातलं पाचक द्रव्य पेप्सिन हे श्वान या शास्त्रज्ञांनी १८३६ मध्ये शोधलं. अलेक्सिस संतापला की पचन बिघडतं, हेही बोमाँट यांनी टिपलं. अर्थात खिडकीतून दिसला तो एकच टप्पा. पातळ झालेलं अन्न पुढे थोडंथोडं लहान आतड्यात उतरतं, तिथे त्यात पित्त आणि स्वादुपिंडाचा रस मिसळतो, आणि बहुतेक सगळं शोषण तिथेच होतं.

मला मात्र राहून राहून अलेक्सिसचंच वाईट वाटत होतं. प्रयोगासाठी उपाशी राहायचं, तासन् तास पडून राहायचं, वर डॉक्टरांच्या घरची कामंही करायची. तो मध्येच कॅनडाला निघून गेला, यात नवल नाही. या प्रयोगांवरच्या १८३३ च्या ग्रंथावर नाव बोमाँट यांचं, संग्रहालयावरही त्यांचंच. निम्मं श्रेय अलेक्सिसचं आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

१८८० मध्ये तो गेला. डॉक्टरांनी शवविच्छेदन करू नये म्हणून घरच्यांनी देह सडेपर्यंत ठेवला आणि मग खूप खोल पुरला. १९६२ मध्ये कॅनडातल्या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी त्याच्या कबरीजवळ स्मृतिफलक लावला. कबर आहे ते गाव मॉन्ट्रियलच्या उत्तरेला आहे. तिथे जायचं मी बेटावरच ठरवलं.